अकरा गुंजा

मेत्सामोर, आर्मेनिया. त्र्याण्णवचा हिवाळा.
भूकंपानंतर बंद केलेलं अणुवीज केंद्र
गावाच्या टोकाला उभं, चार गार मनोऱ्यांसकट,
आणि गावात दिवसाला तासभर वीज,
तीही कधी येणार ते न सांगता.

ह्राचिक अजून रोज कामावर जातो.
थंड अणुभट्टीलाही राखण लागते, म्हणतो.
संध्याकाळी पत्र्याच्या शेगडीत
झोपायच्या खोलीतली लाकडी फरशी घालतो,
खिडकीकडून सुरुवात करून, एकेक फळी.
पलंगापर्यंत अजून यायचंय.

शोघिक अकरा वर्षांची. विचारते,
जळताना लाकडाचं वजन घटतं का?
घटतं. धूर, राख, वाफ, सगळं परत गोळा करून
पारड्यात टाकलंस, तरी किंचित कमी भरेल.
आज दहा किलो जाळलं
तर दोन मायक्रोग्रॅमही नाही.
कुठल्याच काट्याला ते कळायचं नाही.

मग तुला कसं कळलं?

उबेवरून. ऊब किती निघाली ते मोजायचं
आणि उलट्या पावली मागे यायचं.

पावाच्या कुपनाची पाठ कोरी होती.
(माणशी अडीचशे ग्रॅम, त्यात मात्र
दुकानदारीण काट्याकडे डोळे लावून बसायची.)
त्याने लिहिलं: तेराशे पंच्याहत्तर मेगावॅट,
पूर्ण जोरात चालणाऱ्या भट्टीची उष्णता.
गुणिले दिवसाचे सेकंद, शहाऐंशी हजार चारशे.
अकराशे अठ्ठ्याऐंशी, पुढे अकरा शून्यं.
आता भागिले प्रकाशाचा वेग, दोनदा.
म्हणजे नऊ, पुढे सोळा शून्यं.
शोघिकने नवाचा पाढा म्हणत भाग दिला.
एकशे बत्तीस. बाकी काही उरलं नाही.
शून्यं त्याने खोडली, दशांश चिन्ह सरकवलं:
एक पूर्णांक बत्तीस ग्रॅम.

एवढंच?
एवढंच. अख्ख्या भट्टीचा अख्खा दिवस.
आपल्याकडच्या जुन्या सोनाराने सांगितलं असतं, अकरा गुंजा.

तिचा विश्वास बसेना, म्हणून दुसऱ्या दिवशी
खालच्या मजल्यावर बेनिककडे गेले.
सोनं कधीच विकून झालेलं,
तराजू तेवढा काचेखाली, रिकामा, स्वच्छ.
ह्राचिकने तांब्याची तार कापली, पुन्हा कापली,
काटा मधोमध थांबेपर्यंत.
बेनिकने ती नखावर ठेवून पाहिली.
गिऱ्हाइकाच्या बांगडीत एवढी घट आली असती
तर मला चोर म्हटलं असतं, म्हणाला.
आणि तुम्ही हिला उजेड म्हणता.

तार काडेपेटीत गेली. काड्या संपल्या होत्याच.

पंच्याण्णवच्या नोव्हेंबरात एका रात्री
स्वयंपाकघरातला दिवा लागला
आणि तास उलटला तरी गेला नाही.
शेजारी जिन्यात येऊन ओरडले, कुणी रडलं.
आर्पेनिकने इस्त्री काढली.
आधी ह्राचिकचे शर्ट, मग चादरी,
मग टेबलपुसणी, मोजे,
शोघिकचा दोन वर्षांपूर्वी तोकडा झालेला फ्रॉक.
एक वाजला. तरी ती थांबेना.

ह्राचिकला राहवेना. वर्तमानपत्राच्या कडेला
इस्त्रीचे वॅट, तास चार,
केंद्रात वाया जाणारी उष्णता धरून तिप्पट आणि थोडी वर.
भागिले तेच, सोळा शून्यंवाले नऊ.
आर्पेनिक, तुझ्या या सगळ्या घड्यांपायी
तिकडे इंधन अर्धा मायक्रोग्रॅम हलकं झालं.

तिने वर पाहिलं नाही.
बाहीची चुणी बोटाने सरळ करत म्हणाली,
मग पडदेही काढून आणा.

शोघिक खुर्चीवर चढली. पडदे काढले.
तेव्हा कुठे लक्षात आलं,
समोरच्या इमारतीतली माणसंही
पडदे काढून उभी होती
आणि आपण त्यांना दिसत होतो.